टाळू फाटलेलं बाळ वाळतं, तेव्हा घराकडं बघ

पोरी, अंगणवाडी आता तुझ्या हाती आली. पाथर्डी-शेवगावच्या गावांत बाळांची वजनं करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून चार गोष्टी सांगते. टाळू फाटलेलं बाळ नुसत्या टाळूमुळं वाळत नाही. त्याला पाजायला घरात कुणाला सवड नसते, म्हणून ते जास्त वाळतं.

पहिलं, ग्रहणाचा विषय मिटव. “पोटुशी असताना गिराणात विळी धरली,” म्हणत सुनेला बोल लावतात. मग ती शरमेनं बाळ पदराखाली झाकते, वजनाला आणत नाही. सासूला समोर बसवून सांग, की ओठ आणि टाळू पोटात पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात. ते का जुळले नाहीत याचं एकच कारण बहुतेकदा सापडत नाही, पण विळीचा काही संबंध नाही. मिसरी मात्र गरोदरपणी सोडायला लावच.

दुसरं, पाजणं. टाळूला भोक असलं की बाळाला दूध ओढता येत नाही. तासभर छातीशी असतं आणि पोटात चार चमचे जातात. आई म्हणते, “सारखं पितंय की!” तिला अंगावरचं दूध स्वच्छ वाटीत पिळायला शिकव. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं. चमच्यानं नाहीतर बोंडल्यानं गालाच्या कडेनं थोडं सोडायचं, गिळलं की पुढचं. नाकातून दूध आलं तर थांबायचं, पुसायचं, पुन्हा पाजायचं. मधून मधून ढेकर काढायचा. अर्ध्या तासात उरकायचं, नाहीतर बाळ दमतं. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. वाटी, चमचा, बोंडलं रोज उकळायचं. वरचं दूध डॉक्टरांना विचारूनच, आणि पुरवायला म्हणून त्यात पाणी घालायचं नाही.

तिसरं, हे काम एकट्या आईवर टाकू देऊ नकोस. ती खुरपणीला गेली की बाळ दिवसभर उपाशी राहतं. सासूला शिकव, नवऱ्यालाही शिकव. पिळलेलं दूध गार जागी झाकून ठेवलं तर चारेक तास चालतं, उन्हाळ्यात त्याआधीच संपवायचं. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, नाचणीची दाट पेज, वर तेल-तूप. अंगणवाडीतून दिलेली आहाराची पाकिटं त्याच बाळाच्या पोटात जातात का, ते घरी जाऊन बघ. दंडाची पट्टी 11.5 सेंटीमीटरच्या खाली गेली तर वाट बघू नकोस, त्याच दिवशी दवाखान्यात पाठव.

चौथं, ऊसतोड. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीला अख्खं घर उसाच्या फडावर जातं. तिथं कोपीत ना वजन, ना उकळलेली वाटी. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन महिन्यांनंतर, वजन पाचेक किलो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन 10 झालं की करतात. टाळूचं 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे फडावर वजन घटलं की तारीख पुढं गेलीच. उचल घेण्याआधीच त्या घरात जा. एक हंगाम अर्धा कोयता, म्हणजे जोडीतल्या एकाची मजुरी, गेला तरी चालेल, आई गावात राहू दे. नाहीच जमलं तर माता-बाल कार्ड सोबत दे आणि तिकडच्या अंगणवाडीत नाव घालायला सांग.

पाचवं, खर्चाची भीती. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, फाटलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे आणि पुढचे उपचार मोफत होतात. नगरच्या जिल्हा रुग्णालयात पाठव. लोणीला प्रवरेचं मेडिकल आणि डेंटल कॉलेजही आहे. ऑपरेशननंतर कान आणि बोलणं तपासून घ्यायला विसरू देऊ नकोस.

आणि मुलगी असली की “पुढं बघू” ऐकू येतं. त्या घरी दुप्पट फेऱ्या मार. टाळू डॉक्टर शिवतील. पण बाळ ऑपरेशनच्या टेबलापर्यंत धडधाकट पोचवायचं काम घराचं, आणि घराला जागं ठेवायचं काम तुझं.