हवा घेणारा मासा आणि पाण्याचा जमाखर्च

"हा मासा वरची हवा घेतो, याला लहान भांडेही चालते," असे शोभेच्या माशांच्या दुकानात हमखास ऐकायला मिळते. या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे आणि उत्तरार्ध खोटा. ही गफलत लक्षात न आल्यामुळे कित्येक मासे महिन्याभरात मरतात आणि घरातली मंडळी 'आपल्या घराला मासे लाभत नाहीत' असे म्हणून रिकामे भांडे माळ्यावर टाकतात. वस्तुतः लाभण्या-न लाभण्याचा येथे काही संबंध नाही. प्रश्न हिशेबाचा आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना या लेखात काही उणे आढळले तर त्यांनी ते सांभाळून घ्यावे. परंतु गेली तीन वर्षे हनी गुरामी नावाचे मासे मी घरी पाळत आहे आणि त्यांच्या संगोपनात जमाखर्चाची दृष्टी फार उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

ओळख

हनी गुरामी हा जेमतेम पाच सेंटीमीटर लांबीचा गोड्या पाण्यातील मासा. पोटाखालचे दोन पर लांब दोऱ्यांसारखे असतात आणि त्यांनी तो समोरची वस्तू चाचपून पाहतो. शास्त्रीय नाव ट्रायकोगॅस्टर चुना. या 'चुना'चा पानाला लावायच्या चुन्याशी संबंध नाही. बंगालकडे अशा माशांना 'खोलिशा' म्हणतात आणि हा त्यांतला 'चुना खोलिशा'. म्हणजे काचेच्या पेटीत परदेशी पाहुण्यासारखा दिसणारा हा मासा मूळचा आपल्याच देशातला व बांगलादेशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आहे. संथ, वनस्पतींनी भरलेली तळी व ओहोळ हे त्याचे घर.

त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने, १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गंगेतील माशांवरच्या ग्रंथात. याच गृहस्थाने १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांतून प्रवास करून त्याचा सविस्तर वृत्तान्त लिहिला, त्यामुळे कर्नाटकाच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचे नाव परिचित असेल. गंमत अशी, की या माशाचे नर व मादी दिसायला इतके वेगळे, की हॅमिल्टनने त्यांची दोन स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली. विणीच्या काळात नर मधासारखा नारिंगी होतो आणि त्याचा गळा व पोट निळसर काळे पडते. मादी मात्र फिकट तपकिरी, अंगावर एक गडद आडवा पट्टा असलेली, अशीच राहते.

श्वासाची दुहेरी सोय

गुरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचे एक इंद्रिय असते. त्यातील रक्तवाहिन्या हवेतून थेट प्राणवायू शोषून घेतात. म्हणून हा मासा मधूनमधून वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात टिकून राहण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. वीज जाऊन पंप बंद पडला तरी गुरामी लगेच गुदमरत नाही, तो याचमुळे.

पण येथेच नीट विचार केला पाहिजे. प्राणवायू वरून मिळतो हे खरे, परंतु शरीरातील अमोनिया बाहेर टाकायचा तो मुख्यतः कल्ल्यांतूनच आणि सोडायचा तो भोवतालच्या पाण्यातच. ते पाणी आधीच अमोनियाने भरलेले असेल, तर तोच अमोनिया उलट माशाला बाधतो. म्हणजे हवेची सोय माशाला गुदमरण्यापासून वाचवते, विषबाधेपासून नाही.

पाण्याचा जमाखर्च

आता हिशेब मांडू. लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार हजाराने भागला की लिटर मिळतात. माझी पेटी ६० × ३० × ३० सेंटीमीटरची आहे. वर पाच सेंटीमीटर हवेसाठी सोडले की ६० × ३० × २५, म्हणजे ४५ लिटर पाणी मावते. दुकानातले गोल भांडे पाच लिटरचे धरू. त्याच माशांची तीच घाण पेटीत नऊपट पाण्यात पसरते. मोठे भांडे म्हणजे चैन नव्हे, ते भांडवल आहे. भांडवल मोठे असले की एखाद्या दिवसाची तूट सोसता येते.

पेटीत जमेच्या बाजूला अन्न पडते. त्याचा काही भाग विष्ठा आणि उष्टे यांच्या रूपाने अमोनियात बदलतो. वाळूत व गाळणीच्या स्पंजात वाढणारे काही सूक्ष्म जंतू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे पुष्कळच सौम्य असते. नायट्रेटचा काही भाग वनस्पती घेतात आणि उरलेला आपण पाणी बदलून काढून टाकायचा. हे जंतू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आणि मासे एकाच दिवशी घरी आणू नयेत. पाणी भरावे, गाळणी चालू करावी, रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे आणि महिना-दीड महिन्याने, पाणी तपासून अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावर मासे सोडावेत.

पुढे दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलून पेटी घासूनपुसून लख्ख करण्याचा उत्साह टाळावा. स्पंज नळाखाली धुऊ नये, काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा, नाहीतर उपयोगी जंतू मरतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन बादली दिवसभर उघडी ठेवल्याने उडून जाते किंवा 'हायपो'चे खडे घालून घालवता येते. विहिरीचे पाणी असेल तर त्यात नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकलेली नाही ना, हे विचारून घ्यावे.

उब, शेजारी आणि आहार

पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. आपल्या बेळगावच्या हिवाळ्यातील रात्री थंड असतात, तेव्हा ४५ लिटरला ५० वॅटचा हीटर पुरतो. पेटीवर झाकण हवेच, कारण मासा जी हवा घेतो तीही उबदार व दमट असली पाहिजे. मात्र झाकण आणि पाणी यांत मोकळी जागा ठेवावी. प्रवाह मंद ठेवावा, कडेला दाट वनस्पती लावाव्यात आणि काही वर तरंगत्या सोडाव्यात. या माशाला लपायला जागा असली, तरच तो निर्धास्तपणे बाहेर येतो.

हा मासा शांत आहे म्हणून तो कोणाबरोबरही राहील, हा दुसरा गैरसमज. शांत माणसाप्रमाणे शांत मासाही पंक्तीत मागे राहतो. चपळ मासे दाणे उचलून पसार होतात आणि गुरामी कोपऱ्यात उपाशी. टायगर बार्ब त्याचे दोऱ्यासारखे पर कुरतडतात. फायटर हा त्याचाच भाऊबंद, पण भांडखोर. लहान रासबोरा किंवा तळाशी वावरणारे कॉरिडोरास हे चांगले शेजारी. स्वतः हनी गुरामी चार-पाच तरी एकत्र ठेवावेत.

तोंड लहान, म्हणून खाद्य बारीक असावे. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. मधूनमधून स्वच्छ पाण्यातल्या डासांच्या अळ्या दिल्यास तो फार आवडीने खातो. आठवड्यातून एक दिवस उपास घडवला तरी चालतो. आमच्या घरी माशांनाही एकादशी असते, असे आजी म्हणते!

बुडबुड्यांचे घरटे

सारे जमून आले की नर पृष्ठभागावर, बहुधा एखाद्या पानाच्या आडोशाला, लाळेच्या बुडबुड्यांचे घरटे बांधतो. मादीने सोडलेली अंडी त्यात जमतात, एखादे निसटलेच तर नर तोंडात धरून परत आणून ठेवतो. या वेळी हा गरीब मासाही मादीला पिटाळतो, म्हणून तिला दुसरीकडे हलवावे. दीड-एक दिवसात पिल्ले बाहेर येतात. ती मोकळी पोहू लागली की नरालाही वेगळे करावे. पिल्लांना सुरुवातीस डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीवच खाता येतात. हवा घेण्याचे इंद्रिय काही आठवड्यांनी तयार होते, तोवर त्यांची सारी भिस्त कल्ल्यांवर आणि आपल्या हिशेबावर असते.

कुत्रे-मांजर दुखले-खुपले तर ओरडते. माशाला आवाज नाही. मिटलेले पर, फिका पडलेला रंग, कोपऱ्यात निपचित राहणे आणि वरचेवर हवेसाठी धाव घेणे, एवढीच त्याची भाषा. हवेसाठी अशी सारखी धडपड दिसली, तर तिचे कौतुक न करता आधी पाणी तपासावे आणि निम्मे बदलावे. एवढे ज्याला रोज दोन मिनिटे थांबून पाहता येईल, त्याने हा मासा जरूर पाळावा. ज्याला तेवढीही सवड नाही, त्याने तो दुकानातच राहू द्यावा.