उन्हाळ्यातील अंड्यांची निगा

अंडे घातले जाते त्या वेळी ते सर्वांत उत्तम असते. पुढे कितीही काळजी घेतली तरी त्याची प्रत सुधारत नाही. बिघाड तेवढा लांबविता येतो. हा बिघाड बाजारात होतो असे उत्पादक म्हणतो, परंतु बहुधा त्याचा आरंभ त्याच्याच घरी झालेला असतो.

उन्हाळ्यातील नासाडीचे एक मोठे कारण म्हणजे कळपातील नर. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देत नाही, ही समजूत चुकीची आहे. नराविना मिळणारी अफलित अंडी खाण्यास तितकीच पौष्टिक असून अधिक टिकतात. उलट, फलित अंड्यातील जीव सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या वर वाढू लागतो. विदर्भात वैशाखात घरातील हवाच याहून कितीतरी उष्ण असते! दोन-तीन दिवसांतच बलकावर रक्ताच्या शिरा उमटतात, पुढे जीव मरतो आणि अंडे कुजते. यास्तव उबवणीचे काम संपताच नर वेगळा करावा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे फलित अंडी येऊ शकतात. ती प्रथम खपवावीत.

उन्हाळ्यात अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करावीत. मळलेली अंडी धुऊन साठविण्याची हौस मात्र आवरावी. कवचात हजारो सूक्ष्म छिद्रे असून त्यांवर नैसर्गिक लेप असतो. धुण्याने तो निघतो, आणि थंड पाण्यात अंडे आकसून बाहेरील जंतू आत ओढले जातात. घाण कोरड्या खरखरीत फडक्याने पुसावी. तडकलेली अंडी साठवू नयेत. ती त्याच दिवशी पूर्ण शिजवून खावीत.

साठवणीसाठी परातीत ओली वाळू पसरून तीवर मडके ठेवावे व भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. आत कोरडे भाताचे तूस घालून अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावीत. हवेची पोकळी रुंद टोकाकडे असते. तोंडावर पातळ फडके बांधावे. जवळ रॉकेल किंवा कांदे नसावेत, कारण अंडे वास पटकन शोषून घेते. शीतकपाट असल्यास उत्तमच; परंतु थंड झालेली अंडी बाहेर काढून ठेवल्यास कवचावर दव जमते व जंतूंचे फावते.

ताजेपणा पाहण्यासाठी अंडे पाण्यात सोडावे. तळाशी आडवे पडते ते ताजे, उभे राहते ते जुने. तरंगणारे टाकून द्यावे. ही परीक्षा स्वयंपाकाच्या वेळीच करावी, कारण भिजलेले अंडे पुन्हा साठवणीत ठेवता येत नाही.