आकाशाची ओळख : दिसतात दोन, आहेत सहा

शब्बाथ संपल्याचे तीन तारे पाहायला आपण शनिवारी संध्याकाळी बाहेर येतोच. पुढच्या वेळी आणखी तासभर थांबावे आणि उत्तरेकडे पाहावे. एप्रिल ते जून या महिन्यांत तेथे सप्तर्षी उंच चढलेले असतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी, अशी त्यांची मांडणी. येथील मुले त्यांना 'हा-अगाला हा-गदोला', म्हणजे मोठी गाडी, या नावाने ओळखतात. शेपटीतला मधला तारा तो वसिष्ठ. मुंबईहून दिसे त्यापेक्षा तो इस्रायलमध्ये अधिक उंचावर येतो.

वसिष्ठाच्या शेजारी एक मंद तारा आहे, ती अरुंधती. शेजारच्या हिंदू लग्नांत नवरानवरीला ही जोडी दाखवीत, हे आपल्या वडील मंडळींना आठवत असेल. आधी ठळक तारा दाखवायचा, मग नजर मंद ताऱ्याकडे न्यायची, ही जुनी रीत. आपणही तसेच करावे. दोघांमधले अंतर चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडे कमी आहे. पूर्वी अरब लोक या ताऱ्यावर नजरेची पारख करीत. शहराच्या दिव्यांत अरुंधती हरवते. दिमोना, येरुहामच्या बाजूला वस्तीबाहेर गेल्यास ती सहज सापडते.

आता प्रश्न असा की, जवळ दिसतात म्हणून हे तारे खरोखरच एकमेकांचे सोबती आहेत काय? रस्त्यावरचा जवळचा दिवा आणि मैलभर दूरचा दिवा एका रेषेत आले तर जुळे वाटतात. ताऱ्यांचेही तसे होते. म्हणून नाते ठरवायचे तर त्यांचे अंतर आणि गती मोजावी लागते. वसिष्ठ व अरुंधती दोघेही आपल्यापासून सुमारे ८३ प्रकाशवर्षांवर असून एकाच दिशेने प्रवास करीत आहेत. मात्र त्यांच्यामध्ये निदान पाव प्रकाशवर्षाचे अंतर आहे.

१६१७ साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा वसिष्ठ हाच मुळी दोन तारे निघाला. १८८९ साली हार्वर्ड वेधशाळेचे एडवर्ड पिकरिंग यांनी यापुढची गोष्ट जाहीर केली. त्या दोहोंपैकी ठळक ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला असता त्यातली काळी रेघ कधी एकेरी, तर कधी दुहेरी दिसे.

याचे कारण समजायला फुगडी आठवावी. एक मुलगी आपल्याकडे येते तेव्हा दुसरी दूर जाते. जवळ येणाऱ्या ताऱ्याची रेघ निळ्या बाजूला सरकते, दूर जाणाऱ्याची तांबड्या बाजूला. म्हणजे तेथेही दोघे आहेत! साडेवीस दिवसांत त्यांचा एक फेरा होतो. वसिष्ठाचा दुसरा ताराही असाच जुळा ठरला आणि २००९ साली अरुंधतीचाही एक मंद, तांबडा सोबती सापडला. असे हे सहा तारे झाले.

याचा उपयोग काय? फुगडीच्या वेगावरून हातांतली ओढ कळते, तशी फेऱ्यावरून ताऱ्यांची ओढ कळते आणि ओढीवरून त्यांचे वजन काढता येते. जुळे तारे हा खगोलशास्त्रज्ञांचा तराजूच आहे. पिकरिंगच्या जोडीतला प्रत्येक तारा आपल्या सूर्याच्या दुपटीहून जड आहे, हे त्यावरूनच समजले.

लहानशा दुर्बिणीतून आपल्याला तीन तारे वेगळे दिसतील. बाकीचे तीन कशावरून, असे मुलांनी विचारले तर अंगणात फुगडी घालून दाखवावी.