नाताळची खेळणी : डब्यावरच्या किमतीपुढचा खर्च

खरेदी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. २० तारखेनंतर मागवलेलं पार्सल वेळेवर आलं, तरी बदलून घ्यायला दिवस उरत नाहीत.

डब्यावर ‘एज्युकेशनल’ छापलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. आधी आयएसआय चिन्ह शोधा. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. सोबतचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका आणि कंपनीचं नाव जुळतं का पाहा. दोन मिनिटं लागतात, पैसे नाहीत. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे. म्हणून सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं-भाज्या घेताना चिन्ह नसेल, तर रंग निघतो का, कड टोचते का, हे स्वतः हात फिरवून बघा.

आता खर्च. बुद्धिबळाचा साधा पट, भिंग, चांगलं चित्रकोडं साधारण दोनशे ते पाचशे रुपयांत येतं आणि पुढे काही मागत नाही. बोलणारा, चमकणारा खेळ मागतो. सेल डब्यात आहेत का? किती लागतात? सोबतचं ॲप कायम फुकट आहे, की काही महिन्यांनी वर्गणी सुरू होते? विज्ञान संचातली रसायनं दोन प्रयोगांत संपली, तर सुटी मिळतात का? ही उत्तरं पैसे देण्याआधी घ्या. ऑनलाइन घेताना शेवटच्या पानावरची बेरीज पाहा. घरपोच, रोखीने देण्याचा आकार, वेष्टन, सगळं तिथेच चढतं.

मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर घासाघीस जरूर करा, पण बिल सोडू नका. कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेले असतात; वर जीएसटी मागितला तर देऊ नका. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष वस्तूला लागू नाही. बिलावर परतीची मुदत नसेल, तर अशी वस्तू ३० दिवसांत परत घ्यावी लागते. दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल, तर मोठ्या भावंडाच्या खेळण्यातले बारीक तुकडे आणि लोहचुंबकही तपासा. बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणं घेऊच नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी लगेच रुग्णालय गाठा. दोन तासांतही अन्ननलिका भाजते.