फटफटीचे इंजिन आणि चार चाकांची गाडी

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म याच गावचा. 2021 सालच्या डिसेंबरात या गावाचे नाव पुन्हा देशभर झाले. या वेळी कारण होते एक लहानशी जीप.

दत्तात्रय लोहार हे तिथले कारागीर. मुलाला गाडी हवी होती. नवी घ्यायची तर पैसा नाही. तेव्हा लोहारांनी भंगारातले सुटे भाग जमवले, दुचाकीचे इंजिन घेतले, आणि जीप उभी केली. खर्च आला सुमारे 60 हजार रुपये. गाडी फटफटीसारखी किक मारून चालू व्हायची! उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे चित्र पाहिले. त्यांनी कौतुक केले, पण त्याबरोबर एक खरी गोष्टही सांगितली. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. म्हणून ती आम्हाला द्या आणि बदल्यात नवी बोलेरो घ्या, असे ते म्हणाले. 2022 च्या जानेवारीत लोहारांना बोलेरो मिळाली.

आता आपण दोन गोष्टी पाहू. फटफटीचे एवढेसे इंजिन गाडी ओढते कसे? आणि अशी गाडी रस्त्यावर का चालत नाही?

आधी वजन बघा. लहान फटफटी साधारण 110 किलोची. वर दोन माणसे बसली की झाले 240 किलो. चार चाकांची गाडी कितीही हलकी केली तरी 300 किलोची होणार. चार माणसे बसली की 550 किलो. इंजिन तेच, ओझे दुपटीहून जास्त. मग जमते कसे?

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात जाऊन उभे राहा. कांद्याची पोती ट्रकमध्ये चढवायची आहेत. 50 किलोचे पोते सरळ वर उचलायचे तर कंबर मोडेल. पण ट्रकला फळी लावली, की हमाल ते पाठीवर घेऊन चढून जातो. फळी जितकी लांब तितका चढ सोपा. चालावे मात्र जास्त लागते, वेळही जास्त लागतो. गाडीचा गिअर म्हणजे हीच फळी.

फटफटीला पुढे एक लहान दातेरी चाक असते, मागे एक मोठे. दोन्हींवरून साखळी जाते. समजा पुढे 14 दाते आहेत आणि मागे 42. म्हणजे पुढचे चाक तीन वेळा फिरले की मागचे एकदा फिरते. आता मागे 56 दात्यांचे चाक लावा. पुढचे चाक चार वेळा फिरेल तेव्हा मागचे एकदा फिरेल. ओढ एक तृतीयांशाने वाढली. पण वेग पाव हिश्शाने गेला. गाडीची चाके लहान लावली तरी असाच फायदा होतो. असे करत करत लहान इंजिन मोठे ओझे ओढते. मात्र हळू ओढते.

इथपर्यंत कारागिराचे डोके चालते. खरी अडचण पुढेच आहे.

फटफटीचे इंजिन उघड्यावर असते. त्याच्या अंगावर पातळ पट्ट्या असतात. पळताना वारा त्या पट्ट्यांमधून जातो आणि इंजिन थंड राहते. तेच इंजिन तुम्ही पत्र्याच्या बॉनेटखाली कोंडले तर वारा कुठून येणार? त्यात ओझे जास्त आणि चाल मंद. इंजिन तापते, तेल पातळ होते, आणि पिस्टन आतल्या आत धरतो. म्हणून तिथे पंखा लागतो. रिक्षाच्या इंजिनाला तो असतो, तो उगीच नाही.

दुसरे असे, की बहुतेक फटफटींना मागे जायचा गिअर नसतो. पाय टेकून मागे ढकलता येते ना! 300 किलोची गाडी बोळात अडकली तर कोण ढकलणार?

वळणाचे तर विचारूच नका. बैलगाडी वळताना पाहिली असेल. बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्या चाकाला जवळचा. दोन्ही चाके आसावर आपापली फिरतात, म्हणून गाडी सुखाने वळते. पण इंजिनाने फिरणारी दोन चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर वळणावर एक चाक फरफटत जाते. टायर झिजतो, ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. मोटारीत यासाठी वेगळी दातेरी पेटी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात.

जर्मनीत 1955 साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीने इसेटा नावाची छोटी गाडी काढली. तिला फटफटीचेच इंजिन होते. त्यांनी त्याला पंखा बसवला, मागे जायचा गिअर दिला. आणि मागची दोन चाके जेमतेम हातभर अंतरावर ठेवली. चाके इतकी जवळ असली की फेऱ्यातला फरक थोडा राहतो, डिफरन्शियल लागत नाही. आम्हाला ही युक्ती फार आवडली. अशा दीड लाखावर गाड्या विकल्या गेल्या.

आता सर्वांत मोठी गोष्ट. ब्रेक. गाडी चालली की लोक टाळ्या वाजवतात. ती थांबते का, हे कोणी विचारत नाही. 240 किलो थांबवण्यासाठी केलेले ब्रेक 550 किलोला पुरत नाहीत. त्यात वेग दुप्पट झाला तर थांबवण्याचे काम दुप्पट होत नाही, चौपट होते. उतारावर लायनर तापतात आणि पकड सोडतात. समोर शाळेची पोरे असली तर?

सरकारचा नियम याचसाठी आहे. कंपनीच्या गाडीचा नमुना आधी तपासला जातो. तिचे ब्रेक, दिवे, धूर सगळे बघतात. मग आर.टी.ओ. नंबर देते. नंबराशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. नोंदलेल्या गाडीतही मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. 2019 साली मोटार कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि दंडाहून भारी गोष्ट विम्याची आहे. नंबर नाही, तर विमा नाही. अपघातात कोणी दगावले, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. मग शेत विकायची पाळी येते.

लहान इंजिनाची चारचाकी नियमात बसवायला मोठ्या कंपनीलाही वर्षे लागली. बजाज कंपनीने 2012 च्या जानेवारीत अशी एक गाडी दाखवली. पुढे तिचे नाव क्यूट झाले. ती छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला तयार झाली. इंजिन एका सिलिंडरचे, 216 सी.सी.चे, पाण्याने थंड होणारे. मागे जायचा गिअर आहे, वर पक्के छप्पर आहे. पण ती रिक्षा म्हणायची की मोटार? कायद्यात तिला जागाच नव्हती. घरगुती वापरासाठी अशा गाड्यांचा वेगळा वर्ग सरकारने 2018 साली मान्य केला, आणि 2019 साली क्यूट विक्रीला आली. वेग जास्तीत जास्त ताशी 70 किलोमीटर.