शेतकी पाठ : फळ परदेशी जाताना – रोपाच्या आरोग्याचा दाखला कुठे तयार होतो?



आपल्या भागात नुसत्या उसावर अवलंबून असलेला सभासद आता कमीच राहिला. दोन एकर लागण, एक एकर खोडवा आणि विहिरीजवळच्या तुकड्यात द्राक्षबाग, अशी अनेकांची शेती. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शीतगृहांत बेदाण्याच्या पेट्या ठेवणारे सभासदही आहेत. बेदाण्याचा दर पडला की ताजी द्राक्षे परदेशी पाठवावीत असे मनात येते. मग व्यापारी बागेत येतो आणि म्हणतो, "फायटोचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त माल द्या." हा पाठ त्या एका वाक्याबद्दल आहे. व्यापारी अर्ज करू शकतो, फी भरू शकतो. पण फळ कीडमुक्त करून देणे त्याच्या हातात नसते.

परका देश एवढा का घाबरतो?

याचे उत्तर आपल्याच उसात आहे. बंगाल-आसामकडे पूर्वीपासून नोंद असलेला लोकरी मावा जुलै २००२ मध्ये महाराष्ट्रात प्रथम दिसला, तो आपल्याच सांगली जिल्ह्यात. पुढे तो किती भराभर पसरला, पानांवर पांढरा थर आणि खाली काळी बुरशी कशी धरली, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. त्यावेळी बाधित शेतातले बेणे नेऊ नका, वाढे दुसऱ्या गावी नेऊ नका, असे सांगावे लागले. डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडी शेतात वाढल्या तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. कीड नव्या मुलखात गेली की तिचे शत्रू मागे राहतात, म्हणून ती जास्त माजते.

द्राक्षाचीही अशीच गोष्ट आहे. अमेरिकेतल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळांवरची कीड १८६० नंतरच्या दशकात फ्रान्सला पोचली आणि तिथल्या बागा उद्ध्वस्त झाल्या. शेवटी अमेरिकन जातीच्या मुळांवर कलमे करून त्यांनी द्राक्ष वाचवले. आपण डॉगरीजवर कलम करतो ते पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी. त्यांना ते किडीपायी करावे लागले. या धड्यातून १८७८ साली बर्न येथे देशादेशांत पहिला करार झाला. पुढे १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला. आजचा दाखला त्यावरच चालतो.

दाखला म्हणजे काय?

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, आपल्या भाषेत वनस्पती आरोग्य दाखला, हा एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेला शब्द असतो. "ही खेप आम्ही तपासली, तुम्हाला नको असलेली कीड यात नाही," एवढाच त्याचा अर्थ. केंद्र सरकारने अधिकार दिलेला अधिकारी माल पाहून तो देतो. दाखला प्रत्येक खेपेचा वेगळा. मागच्या खेपेचा या खेपेला चालत नाही.

युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून जवळपास सगळ्या ताज्या फळांना हा दाखला सक्तीचा केला आहे. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना. द्राक्ष, डाळिंब, आंबा यांना सूट नाही.

दोन दारे, दोन कुलपे

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. कीड वेगळी आणि औषधाचा अंश वेगळा. आरोग्य दाखला किडीचा असतो. औषधाच्या अंशाचा अहवाल प्रयोगशाळा देते. एका दारातून सुटलेला माल दुसऱ्या दारात अडकू शकतो. पिठ्या ढेकूण दिसला म्हणून काढणीच्या तोंडावर जोरदार फवारणी केली, तर किडीचे दार उघडेल पण अंशाचे बंद होईल.

२०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि निर्यातदार व बागायतदार दोघेही अडचणीत आले. हे काही कीडनाशक नव्हे, वाढ रोखणारे औषध. खरड छाटणीनंतर मारलेले औषधसुद्धा वेलीत राहून महिन्यांनंतर घडात सापडू शकते, हा त्यातला धडा. म्हणून निर्यातीची बाग खरड छाटणीपासूनच निर्यातीची म्हणून सांभाळावी लागते.

एका पेटीपायी सगळ्यांचे दार बंद

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू यांची आयात बंद केली. कारण, २०१३ मध्ये आलेल्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी सापडल्या होत्या. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते. वरून फळ निर्मळ दिसते आणि आत अळी असते. ज्यांचा माल चोख होता त्यांचेही दार बंद झाले, कारण बंदी देशावर होती. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, ती तपासणी आणि प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यावर.

प्रक्रिया देशानुसार बदलते. युरोपसाठी आंबा ४८ अंश सेल्सिअस गरम पाण्यात ६० मिनिटे ठेवतात. जपानने २० वर्षांची बंदी २००६ मध्ये उठवली ती बाष्पोष्ण प्रक्रियेच्या अटीवर. अमेरिकेने २००७ मध्ये दार उघडले ते किरण-प्रक्रियेच्या अटीवर, किमान ४०० ग्रे मात्रा. तो पहिला आंबा लासलगावच्या केंद्रातून गेला. द्राक्षाचा नाजूक घड असे गरम पाणी सोसत नाही. म्हणून द्राक्षात सगळी मदार बागेतल्या स्वच्छतेवर.

बागेत करायची कामे

१) कृषी खात्याकडे निर्यातीसाठी प्लॉटची नोंदणी वेळेत करा. २००६ पासून द्राक्षासाठी ग्रेपनेट ही व्यवस्था आहे. तीत पेटीवरून प्लॉटपर्यंत माग लागतो. नोंदणी दरवर्षी करावी लागते.

२) फवारणीची वही त्याच दिवशी लिहा. औषध, प्रमाण, तारीख. आठवून लिहिलेली वही तपासणीत टिकत नाही.

३) शिफारस नसलेले औषध मारू नका, आणि शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस मोजूनच पाळा. शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारू नये.

४) पिठ्या ढेकूण सुट्या सालीखाली लपतो. छाटणीनंतर ती साल काढून बागेबाहेर न्या. मुंग्यांचा बंदोबस्त करा. मुंग्या ढेकणाला राखतात आणि एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर नेतात.

५) ढेकूण असलेल्या वेलींना खूण करा, त्यांचा माल निर्यातीच्या क्रेटात घालू नका. गळालेले, कुजलेले मणी आणि घड बागेत ठेवू नका.

६) काढलेला घड जमिनीवर ठेवू नका. क्रेट धुतलेले असावेत. घडात पान, काडी, माती राहू देऊ नका.

७) लाकडी पॅलेटही तपासले जाते. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले आणि शिक्का मारलेले लागते. हे काम निर्यातदाराचे, पण विचारून घ्यावे.

कागदाचीही शेती करावी लागते

मे २०२५ मध्ये नवी मुंबईत किरण-प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या सुमारे १५ खेपा अमेरिकेने कागदपत्रांतल्या त्रुटींवरून नाकारल्या. परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून चांगला आंबा तिथेच नष्ट करावा लागला. तेव्हा व्यापाऱ्याशी बोलताना तीन गोष्टी लेखी घ्या : माल कोणत्या देशाला जाणार, त्या देशाच्या अटी कोणत्या, आणि माल नाकारला गेला तर नुकसान कोणाचे. बागेतून माल उचलला म्हणजे पैसे आले असे नव्हे. दर ठरवताना हे बोलणे जड वाटते, पण खेप अडकल्यावर बोलून उपयोग होत नाही.

आपल्याला सहकार नवा नाही. टोळीने पाचट, मातीसकट मोळी भरली तर उतारा सगळ्यांचा घसरतो, हे आपण जाणतो. निर्यातीतही तसेच आहे. माझ्या पेटीतला एक ढेकूण शेजारच्या गावातल्या चोख बागायतदाराचे दार बंद करू शकतो. ज्यांना पुढच्या हंगामात माल पाठवायचा आहे त्यांनी खरड छाटणीपूर्वीच एकत्र बसावे, एकच फवारणी वेळापत्रक धरावे आणि एकमेकांच्या बागा पाहाव्यात. साहेबाने पाहण्याआधी शेजाऱ्याने पाहिलेले बरे.

जय सहकार!