दाखला हरवला तरी नोंद शाबूत असते

दरवर्षी जून महिना उजाडला, की आपल्या शाळेच्या कार्यालयासमोर काही पालक हाती प्लॅस्टिकची पिशवी घेऊन चिंताक्रांत मुद्रेने बसलेले दिसतात. कुणाचे घर पुरात गेलेले असते, कुणाच्या पत्र्याच्या पेटीत वाळवी शिरलेली असते, कुणी कामासाठी गाव बदलताना कागदांचे बोचके एस. टी. त विसरलेले असते. त्या सर्वांचे वाक्य जवळजवळ एकच असते : “गुरुजी, जन्माचा दाखलाच गेला, आता पोराचं कसं?” या प्रश्नातील भीती खरी आहे, पण ती ज्या समजुतीवर उभी आहे, ती समजूत चुकीची आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर हा विषय सविस्तर मांडावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम एक मूलभूत गोष्ट. आपल्या घरी असलेला दाखला हा मूळ दस्तऐवज नव्हे. मूळ असते ती निबंधकाच्या नोंदवहीतील नोंद. दाखला म्हणजे त्या नोंदीचा उतारा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा केंद्राचा कायदा १९७० पासून महाराष्ट्रात लागू झाला आणि नोंदणी सर्वत्र सक्तीची झाली. त्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणीही व्यक्ती ठरावीक शुल्क भरून नोंदवहीत शोध घ्यावयास लावू शकते व उतारा मागू शकते. आणि असा उतारा न्यायालयातही पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. म्हणजे उद्या काढलेला दाखला हा तीस वर्षांपूर्वी काढलेल्या दाखल्यापेक्षा काडीनेही कमी प्रतीचा नसतो. हरवल्याबद्दल पोलीस ठाण्यात तक्रार केल्याशिवाय नवा दाखला मिळत नाही, असे काही मध्यस्थ सांगतात. कलम १७ मध्ये अशी अट नाही.

मग अडचण कोठे येते? ती येते ‘कोणत्या नोंदवहीत शोधावयाचे’ या प्रश्नावर. जन्माची नोंद मूळ गावी होत नाही. ती जन्म जेथे झाला त्या ठिकाणी होते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने लोकांचे हेलपाटे होतात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. वडिलांचे गाव एक, आईचे माहेर दुसरे आणि प्रसूती झाली ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात. अशा वेळी नोंद वडिलांच्या ग्रामपंचायतीत सापडणार कशी? रुग्णालय ज्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या हद्दीत आहे, तेथे आधी विचारावे; काही शासकीय रुग्णालयांत नोंदणीची व्यवस्था तेथल्या तेथेच असते. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीकडे, तर शहरात नगरपालिका वा महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते.

आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दाखला हरवल्यावर वडिलांनी मूळ गावी तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा ‘नोंद नाही’ हे उत्तर घेऊन परतले. नोंद नव्हतीच, कारण मुलीचा जन्म हंगामात, कारखान्याच्या परिसरात झाला होता. वर्ष कोणते, कारखाना कोणता, हे वडिलांना सांगता येईना. आईला मात्र त्या साली टोळीचा मुकादम कोण होता ते आठवत होते. मुकादमाला कारखाना आठवला, आणि कारखान्यावरून जवळचे रुग्णालय निघाले. पुढचे काम अर्ध्या दिवसाचे होते. कागद शोधण्याआधी आईला विचारावे, असे आम्ही तेव्हापासून प्रत्येक पालकाला सांगतो. माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची पुस्तिका, रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद यांपैकी काहीही उरले असेल तर त्यावर ठिकाण व तारीख मिळते.

अर्ज साध्या कागदावरही नीट लिहिता येतो. बाळाचे नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, आई-वडिलांची पूर्ण नावे आणि त्या वेळचा पत्ता एवढे त्यात हवे. आईचे नाव माहेरच्या आडनावाने नोंदले गेले असण्याची शक्यता असल्यास तेही लिहावे. दाखला फाटला किंवा भिजला असेल, तर तो फेकू नये. त्यावरचा नोंदणी क्रमांक व नोंदणीची तारीख वाचता येत असेल, तर शोध मिनिटांत लागतो. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक कुटुंबांनी चिखलाने माखलेले कागद उकिरड्यावर टाकले, ते या एका कारणासाठी तरी जपावयास हवे होते. घरातील प्रत्येक दाखल्याचा क्रमांक एका वहीत उतरवून ती वही दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवली तर फार बरे. भ्रमणध्वनीतील छायाचित्र उपयोगाचे असते, पण भ्रमणध्वनीही हरवतात.

दाखला देण्यास विनाकारण विलंब होत असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हे आपले शस्त्र आहे. या सेवेसाठी ठरावीक मुदत असते, अर्जाची पोच मिळाली पाहिजे आणि मुदत टळली तर प्रथम अपील करता येते. पोच न घेता परत येऊ नये. आपले लोक साहेबांपुढे भिडेने पोच मागत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

आता इतिहासाकडे वळू. कारण आजोबा-पणजोबांच्या नोंदीची गरज आपल्या समाजाला इतरांहून अधिक वेळा पडते. १९६९ च्या कायद्यापूर्वीही गावोगाव जन्ममृत्यूची नोंद होत असे. महसुली गावनमुन्यांपैकी १४ क्रमांकाचा नमुना हा त्या नोंदीचा, आणि लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘कोतवाल बुक’. ही जुनी दप्तरे आज बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. काही मोडी लिपीत आहेत, मराठवाड्यात काही उर्दूत. त्यांत बहुतेक वेळा बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, मुलगा की मुलगी, तारीख आणि जात एवढेच असते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी ठिकठिकाणी ही दप्तरे उघडली गेली, तेव्हा त्यांचे मोल सर्वांच्या ध्यानी आले. जातवैधता प्रकरणांत आपले लोक ती त्यापूर्वीपासूनच धुंडाळीत होते.

या वह्यांविषयी एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. मृत्यूचा सांगावा घेऊन परगावी धावणे हे महारकीच्या कामांपैकी एक होते, आणि पुष्कळ गावांत चावडीवर वर्दी देणारा कोतवालही आपल्याच समाजाचा असे. गावातील प्रत्येक जन्माची बातमी ज्याच्या तोंडून वहीत गेली, त्याला स्वतःला ती वही वाचता येत नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, त्यामागे ही गुलामगिरी होती. वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली. वह्या मात्र राहिल्या, आणि त्यांत आपल्या पूर्वजांच्या नावापुढे ‘महार’ हा शब्द राहिला.

काही तरुण आमच्याकडे येतात व म्हणतात, “आम्ही बौद्ध आहोत, आजोबांच्या नोंदीतला तो शब्द काढून टाकायचा आहे.” त्यांचा स्वाभिमान आम्हांस कळतो. तरीही आमचे मत स्पष्ट आहे : जुन्या नोंदीला हात लावू नये. एक तर कायद्याने तसे होत नाही. कलम १५ प्रमाणे नोंदीतील चूक सिद्ध झाल्यास समासात दुरुस्ती लिहिली जाते. मूळ अक्षरे खोडली जात नाहीत, आणि १९५६ पूर्वीच्या नोंदीतील तो शब्द ही चूक नव्हेच. दुसरे असे, की महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० या दिवशी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते हे पाहतात आणि त्यापूर्वीच्या पुराव्याला मोठे वजन असते. १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाल्यावर केंद्राच्या सवलती धम्मांतरितांना मिळू लागल्या, पण त्यासाठीही मूळ जात दाखवावीच लागते. ती दाखवणारा कागद हाच आहे. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्ही असे म्हणू, की तो शब्द आपल्यावर लादला गेल्याचा तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराचे तोंड आपणच बंद करण्यात शहाणपण नाही.

नोंदीचे मोल बाबासाहेबांच्याच चरित्रात पाहावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाने त्यांचा प्रवेश झाला. रजिस्टरात तो क्रमांक १९१४ आहे. त्या एका ओळीमुळे तो दिवस निश्चित सांगता येतो, आणि २०१७ पासून राज्यभर तो ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो.

शाळेच्या रजिस्टराचा विषय निघाला, म्हणून ‘एक जून’चेही सांगावे. आपल्या आधीच्या पिढीतील कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. आई सांगे, “मोठा पाऊस झाला त्या साली,” आणि मास्तर शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून लिहीत. त्या तारखेवर नोकरी झाली, निवृत्तीही झाली. आता नातवाच्या कामासाठी आजोबांची जुनी जन्मनोंद निघाली आणि तारीख जुळली नाही, तर घाबरू नये. पण दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत, हे प्रतिज्ञापत्राने व इतर पुराव्याने दाखवण्याची तयारी ठेवावी. सध्या शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र जन्मनोंद व शाळेचे रजिस्टर यांत फरक असेल, तर तो विद्यार्थी शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावा. शाळा सोडल्यावर तारीख बदलणे अतिशय कठीण जाते.

काही नोंदींत बाळाचे नावच नसते, रकाना कोरा असतो. कलम १४ प्रमाणे नोंदणीपासून पहिल्या वर्षात नाव विनाशुल्क आणि त्यानंतर साधारणतः १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. आठवी-नववीच्या पालकांनी आपल्याकडील दाखला आजच काढून पाहावा.

आणि नोंद खरोखरच नसेल तर? घरी, शेतात, वीटभट्टीवर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत हे घडते. तेव्हा प्रथम निबंधकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्काने, एक वर्षापर्यंत वरिष्ठ प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने नोंद होते. वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. २०२५ पासून राज्यात अशा विलंबित नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. शाळेचा दाखला, लसीकरणाची नोंद, कुटुंबाच्या वास्तव्याचे पुरावे हे सर्व एकत्र करूनच अर्ज करावा. ‘चार हजारांत दाखला’ देणाऱ्या दलालाच्या वाटेला जाऊ नये. बनावट दाखल्यावर मिळालेला प्रवेश पुढे रद्द होतो, आणि खरे पुरावे असलेले मूल खोट्यात गणले जाते.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले बरेच जण आता स्वतः आई-बाप झाले आहेत. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी जन्मतारीख व जन्मठिकाण यांचा पुरावा म्हणून केवळ जन्म दाखलाच चालणार आहे : शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पारपत्र, शासकीय नोकरी, सर्वांसाठी. आपल्या पिढीला शाळा सोडल्याचा दाखला तारून नेत असे, तशी सोय या मुलांना नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी प्राथमिक शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे खरे. पण पहिलीच्या दारातून आत गेलेल्या मुलाला पुढे अनेक दारे लागतात.

जाता जाता, आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरविषयी. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या नोंदीचा उतारा हवा असेल, त्यांनी अर्जात शाळा सोडल्याचे वर्ष, शेवटची इयत्ता आणि त्या वेळी रजिस्टरात असलेले नाव लिहावे. विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी माहेरचे नाव लिहावे. सासरच्या नावाने शोधले तर ते सापडत नाही.